मिठागराच्या जमिनीवर दिल्लीचा हक्क कुठून आला?

पूर्व द्रुतगती महामार्गावरून ठाण्याकडे निघालं की विक्रोळी सुटल्यावर उजव्या हाताला एकदम मोकळं आभाळ लागतं. कांजूर, भांडुप, मुलुंडची मिठागरं. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यातली सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्वसनासाठी घ्यायला मंजुरी दिली आणि जुना प्रश्न पुन्हा वर आला. मुंबईतल्या पाच हजार एकरांहून अधिक मिठागरांवर केंद्र सरकार हक्क सांगतं ते कशाच्या जोरावर? त्याचा माग काढायचा तर आधी पाणी कसं उडतं ते बघावं लागतं.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातलं आपलं खायचं मीठ सुमारे २७ ग्रॅम. म्हणजे किलोभर मिठासाठी जवळजवळ ४० लिटर पाणी उडवायला हवं. आणि पाणी मोठं चिवट. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून उकळीला आणायला १०० कॅलरी पुरतात. त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात. घरातला १४.२ किलोचा सिलिंडर घेऊन बसलात आणि त्याची सगळी उष्णता पाण्यातच उतरली असं धरलं, तरी सिलिंडर संपेपर्यंत जेमतेम साडेसहा-सात किलो मीठ हाती येईल. कोकणात हे काम ऊन आणि वारा फुकट करतात. पाणी उकळावंही लागत नाही, ते कुठल्याही तापमानाला उडत असतं.

आगरात पाऊल टाकलं तर या फुकटच्या कामामागे माणसाची मेहनत किती, ते कळतं. पावसाळा सरला की बांध डागडुजी करून घ्यायचे, वाफ्यांची चिकणमाती पायांनी तुडवून घट्ट करायची, नाहीतर खारं पाणी खाली जिरतं. भरतीचं पाणी आधी मोठ्या तळ्यात घ्यायचं, मग एका वाफ्यातून दुसऱ्यात उतरवायचं. प्रत्येक टप्प्यावर ते दाट होत जातं. आधी चुना बसतो, मग जिप्सम, आणि पाणी मूळच्या दहाव्या हिश्शावर आलं की मिठाचे खडे धरायला लागतात. तेव्हाच ते लाकडी फावड्याने ओढायचं. उरलेलं पाणी फार आटू दिलं तर मॅग्नेशियमचे क्षार मिठात येतात आणि मीठ कडवट होतं. पहिला पाऊस पडेपर्यंत हा खेळ. आगरी समाजाचं नावच या आगरांशी जोडलेलं आहे.

आता सरकारच्या नजरेने बघा. लोखंडाला भट्टी लागते, मिठाला भरती आणि ऊन पुरतं. किनाऱ्यावरचा कोणीही माणूस ते करू शकतो. अशा वस्तूवर कर बसवायचा तर माल अडवून भागत नाही, ती जिथे पिकते ती जागाच मुठीत धरावी लागते. मिठाच्या राजकारणाचं मर्म मला तरी इथेच दिसतं.

आधीच्या सत्ता मिठाला नाक्यावर गाठत. शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या सरसुभेदाराला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे: पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातून, म्हणजे उत्तर गोव्यातून, येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवा, नाहीतर स्वस्त मिठाने आपल्या मुलखातलं मीठ पडून राहील. इंग्रजांनी मात्र आगरातच बस्तान मांडलं. मुंबई इलाख्यात मिठावर मणामागे आठ आणे कर होता. १८४४ मध्ये त्याचा रुपया केला, तेव्हा सुरतेत दंगल उसळली. १८७८ च्या करारानुसार त्यांनी गोव्यातल्या पोर्तुगीजांना वर्षाला चार लाख रुपये देऊन तिथल्या मिठावरही ताबा मिळवला. परक्या राज्यातलं मीठ नियंत्रणात ठेवायला एवढी किंमत मोजली, यावरून काय ते समजा. पुढे १८९० चा मुंबई मीठ कायदा आला: परवान्याशिवाय मीठ करायचं नाही आणि आगरावर मीठ खात्याचा पहारा.

१९३० ला गांधीजींनी दांडीला मूठभर मीठ उचललं, त्याच्या पाठोपाठ कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले यांनी मुंबईत चौपाटीवर चुली मांडून कायदा मोडला. सिलिंडरचा हिशोब आठवा: चुलीवर मीठ होतं, पण चिमटीभर. कायद्याला खरा धक्का द्यायचा तर मिठाच्या राशी होत्या तिथेच जायला हवं होतं. म्हणून लढा चुलीवरून आगरांवर सरकला. १२ मे रोजी सिंधुदुर्गातलं शिरोडा, २१ मे रोजी धारासणा, १ जून रोजी वडाळा, जिथे सुमारे १५,००० लोक मिठागरावर चालून गेले. पुढच्या वर्षीच्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरच्या गावांना घरापुरतं मीठ करायची मुभा मिळाली, आणि १९४७ च्या अर्थसंकल्पात कर उठला.

कर गेला, पण मीठ खातं राहिलं. राज्यघटनेत मीठ केंद्राच्या सूचीत ५८ व्या क्रमांकावर आहे. मीठ आयुक्तांचं मुख्यालय जयपूरला, आणि भांडुपच्या खाजणाचे कागद त्यांच्या दप्तरी. कुठे जुने भाडेपट्टे, कुठे शिलोत्र्यांचे, म्हणजे आगरांच्या जुन्या खाजगी धारकांचे, दावे, कुठे महसूल खात्याच्या नोंदी. कांजूरमार्गला मेट्रोची कारशेड करायचं राज्याने ठरवलं तेव्हा केंद्र म्हणालं जमीन आमची, राज्य म्हणालं आमची. डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने काम थांबवलं.

या भांडणात एक गोष्ट मागे पडते. मिठागर मुद्दाम सखल ठेवलेलं असतं, भरतीचं पाणी आपोआप आत यावं म्हणून. पावसाळ्यात तीच जागा आसपासचं पाणी पोटात घेते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्या सखल जागेवर इमारती उभ्या करायच्या तर आधी भराव घालावा लागेल, आणि उधाणाला पाऊस आला की पाणी दुसरी सखल जागा शोधेल. पूर्व उपनगरात तशा जागी आधीच वस्ती आहे.