व्हॅनमधली आंघोळ आणि बाकीची स्वच्छता

नळ, ड्रेनेज आणि लाइट यातलं काहीच जोडलेलं नसताना गाडीतच मुक्काम करून अंग, हात, कपडे, भांडी आणि संडास सांभाळणं, असा हा विषय आहे. अशा राहण्याला ऑफ-ग्रिड म्हणतात, म्हणजे कॅम्पग्राउंडचं भाडं भरून तिथलं बाथरूम वापरणं यात धरत नाहीत. सोबत आणलंय तेवढंच पाणी आहे हे सगळ्यांना कळतं, पण वापरून झालेलं पाणीही आपल्यासोबतच राहणार आहे हे नवीन लोकांच्या लक्षातच येत नाही, आणि पहिल्या ट्रिपची वाट बहुतेक वेळा तिथेच लागते.

पाण्याचा हिशोब

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. म्हणून छोट्या व्हॅनमध्ये टाकी कितीही मोठी बसवता येत नाही, 100 लिटर भरले की 100 किलो गाडीवर चढले आणि घाटात ते लगेच जाणवतं. आता शॉवरचं बघा, अमेरिकेत कायद्याने शॉवरला मिनिटाला साधारण साडेनऊ लिटरची मर्यादा आहे, म्हणजे मर्यादेत राहूनही पाच मिनिटांत 47 लिटर गेले. व्हॅनच्या टाकीतून अशा दोन आंघोळी केल्या की चहाला पाणी उरत नाही. त्यामुळे तिकडच्या व्हॅनवाल्यांनी नौदलाची पद्धत उचलली, अंग ओलं करा, पाणी बंद, साबण लावा, मग पाणी सोडून धुवा.

आपल्याकडे ज्यांच्या घरी दिवसाआड पाणी येतं त्यांना हे शिकवायची गरज नाही. बादली आणि तांब्या ही ऑफ-ग्रिडची सगळ्यात चांगली सिस्टीम आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण किती पाणी उरलंय ते डोळ्यांना दिसतं, शॉवरमध्ये ते कधीच दिसत नाही. दोन तांबे ओलं व्हायला, चार-पाच धुवायला, सात लिटरमध्ये डोक्यावरून नाही पण खांद्यापासून व्यवस्थित आंघोळ होते. केस धुवायचे असतील तर तो वेगळा दिवस धरायचा, आणि लांब केस असतील तर त्या दिवशी पाणी भरायची सोय जवळ असलेली बरी.

गरम पाण्यासाठी गीझर लागतोच असं नाही. 15 डिग्रीच्या पाच लिटर पाण्यात दोन लिटर उकळतं पाणी ओतलं की मिश्रण साधारण 39 डिग्रीला येतं, म्हणजे अंगाला बरोब्बर. लेहसारख्या 3500 मीटर उंचीच्या ठिकाणी पाणी 88 डिग्रीच्या आसपासच उकळतं आणि मुळात गार पाणीही जास्त गार असतं, तिथे उकळतं जरा जास्त घ्यावं लागतं आणि गॅसही जास्त जातो. दुसरा मार्ग म्हणजे सोलर शॉवर, काळी प्लास्टिकची 20 लिटरची पिशवी, टपावर तीन-चार तास उन्हात ठेवायची की झालं. ढग आले की ती निव्वळ जड पिशवी राहते, आणि उलट मे महिन्यात विदर्भात ठेवली तर पाणी इतकं तापतं की आधी हात घालून बघितल्याशिवाय अंगावर घेऊ नये.

तिसरी गोष्ट आपल्याला फारच ओळखीची आहे. परदेशातले बरेच व्हॅनवाले बागेतला फवारणीचा पंप घेतात, त्यात कोमट पाणी भरतात, हवा मारतात आणि त्याच्या बारीक फवाऱ्याने आंघोळ करतात. कमी पाण्यात काम होतं यात शंका नाही, फक्त पंप कोरा पाहिजे. शेतातला, एकदा का होईना औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी यासाठी अजिबात वापरायचा नाही.

उभं कुठे राहायचं हा प्रश्न असतोच. मागचे दोन दरवाजे उघडून मध्ये पडदा लावतात, किंवा पाऊस-थंडी असेल तर गाडीतच प्लास्टिकच्या टबमध्ये उभं राहतात. टब नसेल तर मोठं घमेलंही चालतं, बसून आंघोळ करायची सवय असलेल्याला तर ते जास्तच बरं. टबातलं पाणी मग कॅनमध्ये ओतायचं, नदीत नाही.

रोज आंघोळ हवीच का

नको. म्हणजे घरात असताना आईसमोर हे बोलायची सोय नाही, पण चार दिवस गाडीत असताना रोज अंग पुसणं पुरतं. आजारी माणसाला पुसतात तसंच, एक पातळ फडकं, लिटरभर कोमट पाणी, आधी तोंड आणि मान, मग काखा, मग जांघा, शेवटी पाय, आणि हा क्रम उलटा करायचा नाही. घामाला स्वतःचा वास फारसा नसतो, काखेतले जिवाणू त्यातले घटक फोडतात तेव्हा वास सुटतो, म्हणून पूर्ण अंगापेक्षा त्या दोन-तीन जागा महत्त्वाच्या. तुरटीचा खडा ओला करून काखेत फिरवला की वास बराच आटोक्यात राहतो. न्हाव्याच्या दुकानातला तोच खडा परदेशात नैसर्गिक डिओडरंट म्हणून चांगल्या पॅकिंगमध्ये विकला जातो.

कपड्यांचंही यात आलं. पॉलिस्टरचा टीशर्ट वास धरून ठेवतो, कॉटन कमी धरतं, मेरिनो लोकर त्याहून कमी, म्हणून एवढी महाग असूनही लोक ती घेतात. टॉवेलच्या बाबतीत मात्र खर्च करायचं कारण नाही, जाड टर्किश टॉवेल व्हॅनमध्ये दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास मारतो, साधा पंचा तासा-दीड तासात वाळतो. कपडे धुवायची एक आळशी पण चालणारी युक्ती म्हणजे झाकणाच्या बादलीत पाणी, थोडा साबण आणि कपडे घालून गाडी चालवायची, खड्डे उरलेलं काम करतात. आपल्या रस्त्यांवर तर हे वॉशिंग मशीन फारच जोरात चालतं, झाकण नीट बांधा.

वेट वाइप्स सोयीच्या असतात हे खरं, पण बऱ्याचशा वाइप्समध्ये प्लास्टिकचे धागे असतात, त्या मातीत पुरल्या तर कुजत नाहीत आणि टॉयलेटमध्ये टाकल्या तर तुंबतं. वापरलेली प्रत्येक वाइप कचऱ्याच्या पिशवीत परत न्यायची.

आंघोळीपेक्षा हात जास्त महत्त्वाचे आहेत, कारण गाडीत पोट बिघडलं तर पुढे काय होतं ते सांगायला नको. साबण आणि पाण्याने 20 सेकंद धुवायचे. सॅनिटायझर असेल तर निदान 60 टक्के अल्कोहोलचं, आणि तेही मळलेल्या हातावर नीट चालत नाही, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर तर त्याचा भरवसाच नाही. म्हणून तोटीचा छोटा कॅन कायम दाराशी ठेवतात, एका हाताने तोटी उघडता आली पाहिजे एवढीच अट.

संडास

ज्या विषयावर सगळे हसतात त्यावरच व्हॅनमध्ये बरेच पैसे खर्च होऊ शकतात. सगळ्यात स्वस्त म्हणजे बादली, वर सीट आणि आत पिशवी. त्याच्या वर कॅसेट टॉयलेट, म्हणजे खाली काढता येणारी 15-20 लिटरची टाकी, त्यात केमिकल टाकतात आणि ठरलेल्या डंप स्टेशनवर, म्हणजे अशा टाक्या रिकाम्या करायच्या जागी, नेऊन ओततात. आणखी वर कंपोस्ट किंवा कोरडं टॉयलेट, यात लघवी पुढच्या बाटलीत वेगळी जाते आणि मागे भुसा किंवा नारळाचा काथ्या टाकतात. दोन्ही वेगळं ठेवलं की वास खूपच कमी येतो, बहुतेक घाण वास दोन्ही एकत्र आल्यामुळेच असतो. लडाखमधली जुनी घरं याच तत्त्वावर चालतात, वरच्या मजल्यावर भोक, खाली खोली, वरून माती आणि राख, पाण्याचा थेंब नाही, आणि नंतर तेच शेतात खत म्हणून जातं.

टॉयलेटच नसेल तर परसाकडे जाणं आलं, आणि त्याचेही नियम आहेत. अमेरिकेत शिकवतात ते असं, पाणी, रस्ता आणि मुक्कामाची जागा यांपासून 200 फूट लांब, म्हणजे साधारण 70 पावलं, 6 ते 8 इंच खोल खड्डा, काम झाल्यावर त्याच मातीने बुजवायचा आणि कागद परत आणायचा. कागदाचा प्रश्न आपल्याला कमी पडतो कारण आपण टमरेलवाले. फक्त ती पाण्याची बाटली पिण्याच्या बाटलीसारखी दिसणारी नको, वेगळ्या रंगाची घ्या, का ते विचारू नका. वाळवंटात किंवा बर्फाळ उंचीवर माती जिवंत नसते त्यामुळे पुरलेलं कुजत नाही, तिथे पिशवीत भरून परत आणतात.

पाळीच्या दिवसांत बायकांचं गणित वेगळं होतं. मेन्स्ट्रुअल कप असेल तर कचरा होत नाही पण हात अगदी स्वच्छ लागतात आणि पाळी संपल्यावर कप उकळावा लागतो, त्यासाठी वेगळं छोटं पातेलं ठेवलेलं बरं. पॅड वापरले तर घट्ट झाकणाचा डबा आणि शहरात आल्यावरच विल्हेवाट, जाळायचे किंवा पुरायचे नाहीत.

न्यूझीलंडचा नियम

स्वच्छतेचं प्रकरण कायद्यापर्यंत नेलं ते न्यूझीलंडने. तिथे कुठेही गाडी लावून झोपायची पद्धत जुनी, पर्यटक वाढले तसा घाणीचा त्रासही वाढला आणि रग्बी वर्ल्ड कपच्या तोंडावर 2011 मध्ये फ्रीडम कॅम्पिंगचा कायदा आला. सेल्फ-कंटेन्ड गाडी कोणती याचं त्यांचं स्टँडर्ड त्याआधीच, 2001 पासून होतं. त्या स्टँडर्डचा गाभा असा की तीन दिवस बाहेरून काही न घेता आणि बाहेर काही न टाकता राहता आलं पाहिजे, माणशी दिवसाला 4 लिटर म्हणजे तीन दिवसांचं 12 लिटर स्वच्छ पाणी, तेवढीच सांडपाण्याची टाकी, सिंक, झाकणाची कचरापेटी आणि टॉयलेट. टॉयलेट गाडीच्या आत, आणि बेड अंथरलेला असतानाही वापरता आलं पाहिजे, ही अट ज्याने लिहिली तो नक्की रात्री दोन वाजता पावसात अडकलेला असणार. बरेच लोक नुसतं बेडखाली घडीचं पोर्टेबल टॉयलेट दाखवून सर्टिफिकेट घ्यायचे आणि ते कधी बाहेर काढायचेच नाहीत, म्हणून 2023 च्या बदलात टॉयलेट गाडीला पक्कं बसवलेलं हवं असं ठरलं.

दिवसाला 4 लिटर यात पिणं, स्वयंपाक, भांडी सगळं आलं, म्हणजे त्या हिशोबात आंघोळ धरलेलीच नाही. त्यासाठी तिकडे लोक गावातल्या स्विमिंग पूलवर पैसे देऊन शॉवर घेतात.

फुकट नाही पण स्वस्त आंघोळ

पूर्ण ऑफ-ग्रिड राहणारेही मधूनमधून वस्तीत येतातच. अमेरिकेत सरकारी मोकळ्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी एका जागी 14 दिवसच राहता येतं, मग निघताना हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर शॉवर घेतात, ट्रकवाल्यांना डिझेल भरल्यावर तो फुकट मिळतो, बाकीच्यांना विकत. अनेक जण तर फक्त आंघोळीसाठी देशभर शाखा असलेल्या जिमची मेंबरशिप घेतात, वजनं उचलत नाहीत. जपानमध्ये ऑनसेन, म्हणजे गरम झऱ्यांच्या पाण्याची सार्वजनिक न्हाणीघरं आहेत. आइसलँडमध्ये गावोगावी गरम पाण्याचे पूल, पण आत उतरण्याआधी सगळे कपडे काढून साबणाने अंग धुवावंच लागतं, तेही सगळ्यांसमोर, आपल्या लोकांची तिथे जरा तारांबळ होते.

आपल्याकडे हेच काम ढाब्याचा हौद करतो. जेवण तिथेच घेतलं तर ट्रकवाल्याला आंघोळीचे पैसे सहसा कोणी मागत नाही, व्हॅनवाल्याने विचारून घ्यावं. पंढरीच्या वाटेवर लाखो वारकरी टँकरच्या पाण्यावर पहाटे आंघोळ उरकतात, कमी पाण्यात आवरण्याचं एवढं मोठं प्रात्यक्षिक दुसरं कुठलं असेल असं वाटत नाही. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण टॉयलेटची टाकी कुठे रिकामी करायची हा प्रश्न विचारला की अजूनही बहुतेक ठिकाणी समोरचा माणूस आपल्याकडेच बघतो. अशा वेळी कॅसेटपेक्षा कोरडं टॉयलेट परवडतं.

साबणाचं पाणी

बायोडिग्रेडेबल लिहिलेला साबण थेट ओढ्यात चालतो हा गैरसमज फार पसरलाय. तो कुजायला माती लागते, पाण्यात तोही मासे-बेडकांना त्रासच देतो. म्हणून अंग ओढ्यापासून लांब धुवायचं आणि पाणी मातीवर पसरून टाकायचं. भांड्यांचं खरकटं आधी पुसून कचऱ्यात, मग धुणं, नाहीतर रात्री कुत्री येतात आणि जंगलाजवळ त्याहून मोठं काहीतरी. समुद्रावर खाऱ्या पाण्यात साध्या साबणाला फेस येत नाही, शाम्पूला येतो, पण शेवटचे दोन तांबे गोडं पाणी लागतंच, नाहीतर अंग चिकचिकतं.

सह्याद्रीत व्हॅन पायथ्याच्या गावात लागते आणि पाणी हातपंपावरून किंवा विहिरीवरून, ते विचारूनच भरायचं, आणि एप्रिल-मेमध्ये तर घरूनच भरून न्यायचं कारण गावालाच टँकर येत असतो. वर किल्ल्यावर कातळात खोदलेली टाकी असतात, त्यातलं पाणी पुढे येणारे लोक पितात. त्यात उतरायचं नाही, पाय धुवायचे नाहीत, बाटली बुडवायची असेल तर आधी हात स्वच्छ करून.