इंधन आहे, इंजिन बंद: छोट्या विमानांच्या एका जुन्या दुखण्याची पार्श्वभूमी

छोट्या खासगी विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं आणि तपासात यंत्राचा दोष निघाला नाही, तर चौकशी अनेकदा इंधनापाशी येते. कधी सगळ्याच टाक्या कोरड्या निघतात. कधी एका टाकीत भरपूर इंधन असतं आणि इंजिन जोडलेलं असतं दुसऱ्या, रिकाम्या टाकीला. अमेरिकी तपासयंत्रणेने २०११ ते २०१५ चा हिशेब मांडला तेव्हा इंधन-व्यवस्थापनातून होणारे अपघात वर्षाला सरासरी ५० च्या वर भरले. त्यातले ५६ टक्के पहिल्या प्रकारचे, ३५ टक्के दुसऱ्या. हे नवशिक्यांचं काम म्हणावं, तर त्या पायलटांपैकी निम्म्यांकडे व्यावसायिक किंवा त्याहून वरचा परवाना होता. शिकाऊ होते अवघे २ टक्के.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. १९२७ साली एकट्याने अटलांटिक ओलांडणाऱ्या वैमानिकाकडे पाच टाक्या होत्या, आणि कोणत्या टाकीवर किती तास उडालो याच्या पेन्सिलीच्या रेघा त्याने पॅनेलवरच ओढल्या होत्या. १९३० च्या दशकातल्या गाजलेल्या दोन आसनी विमानात टाकी पायलटच्या समोर असायची. टाकीत बुचाच्या लाकडाचा तरंगता तुकडा, त्याला खोचलेली तार झाकणातून वर आलेली. इंधन कमी होईल तशी तार खाली जाई. डोळ्यांसमोर असल्याने ती विसरणं अवघड होतं.

युद्धानंतर इंधन पंखांत गेलं आणि गुंता तिथे सुरू झाला. पंख वर असलेल्या विमानांत इंधन आपल्या वजनाने खाली उतरतं, त्यामुळे दोन्ही टाक्या एकदम चालू ठेवता येतात. पंख खाली असले की पंप लागतो. दोन्ही टाक्या एकदम जोडल्या आणि एक संपली, तर पंप तिच्यातून हवा ओढू लागतो. म्हणून तिथे सिलेक्टर (कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारी मूठ) डावा किंवा उजवा, आणि ठरावीक वेळाने तो फिरवणं पायलटच्या लक्षात राहण्यावर. तारेची जागा तरंगत्या दांडीच्या, विजेवर चालणाऱ्या गेजने (इंधनाची पातळी दाखवणाऱ्या काट्याने) घेतली. टाकी उथळ आणि पसरट असल्याने वळणात, हेलकाव्यात काटा नाचतो.

याच गेजबद्दलचा एक नियम मला या सगळ्या इतिहासातला कळीचा मुद्दा वाटतो. प्रमाणनाच्या (विमान उडण्यायोग्य ठरवण्याच्या) अमेरिकी नियमांत एक वाक्य होतं: समतल उड्डाणात टाकीत फक्त न वापरता येणारं इंधन उरलं असेल, तेव्हा काटा शून्य दाखवेल असं गेज जुळवलेलं असावं. प्रत्येक टाकीच्या तळाशी थोडं इंधन असं राहतं, जे इंजिनापर्यंत खात्रीने पोहोचत नाही. पायलटने ते शिल्लक म्हणून धरू नये, एवढाच त्या वाक्याचा हेतू. हँगरमध्ये आणि प्रशिक्षणाच्या वर्गात मात्र भलताच अर्थ रुजला: गेज कायद्याने फक्त टाकी रिकामी असतानाच बरोबर असावं लागतं. त्याच कलमात त्याआधी स्पष्ट लिहिलं होतं की उड्डाणात प्रत्येक टाकीतलं वापरण्याजोगं इंधन कळण्याची सोय हवी. ते वाक्य कोणी सांगेना.

परिणाम व्हायचा तो झाला. ‘गेजवर विश्वास नको, घड्याळ आणि डिपस्टिक बघ’ हे पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. सल्ला अर्धा चांगला आहे. उड्डाणाआधी टाकीत काडी बुडवून पाहिलीच पाहिजे. पण पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी असतो. तिथलं झाकण नीट बसलं नसेल तर इंधन बाहेर खेचलं जातं. घड्याळाला ते कळत नाही. पुढे आलेल्या फ्युएल टोटलायझरलाही कळत नाही, कारण तो इंजिनाकडे गेलेलं इंधन मोजतो आणि सुरुवातीचा आकडा पायलटनेच भरलेला असतो. गळती दाखवू शकतं ते फक्त गेज, आणि त्याच्याकडेच बघू नका असं शिकवलेलं.

सिलेक्टरच्या जागेचा प्रश्न १९९७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका अपघातात ठळक झाला. घरी बांधलेल्या एका विमानात मूळ आराखड्यात पायलटच्या पायांमध्ये असलेला सिलेक्टर बांधणाऱ्याने डाव्या खांद्यामागे नेला होता. त्यावर खुणा नव्हत्या. इंधनाची पातळी दाखवणाऱ्या काचा मागच्या आसनाजवळ, त्याही खुणांविना. उड्डाणाआधी देऊ केलेलं इंधन पायलटने नाकारलं होतं. सिलेक्टर फिरवायला अंग वळवताना उजवं रडर (शेपटीचं सुकाणू वळवणारं पायडल) दाबलं गेलं आणि विमान हातातून सुटलं, असा निष्कर्ष निघाला. पायलटचं लक्ष विचलित होणं मुख्य कारण ठरलं, सिलेक्टरची जागा साहाय्यक कारणांत गेली. हा क्रम मला अजूनही पटत नाही.

नियमांतले बदल त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. आंतरराष्ट्रीय नियमांत २०१२ पासून ‘मिनिमम फ्युएल’ (आता उशीर परवडणार नाही) आणि ‘मेडे फ्युएल’ (इंधनाची आणीबाणी) या पायलटने रेडिओवर करायच्या घोषणा आल्या. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये त्या छोट्या विमानांपर्यंत नेल्या. अमेरिकेत बाहेर बघून, नजरेने केलेल्या उड्डाणांसाठी दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटांचा राखीव साठा आधीपासून आहेच, पण तो उड्डाण सुरू करतानाच्या नियोजनाला लागू होतो. २०१७ मध्ये तिथले छोट्या विमानांचे नव्याने लिहिलेले प्रमाणन नियम लागू झाले आणि शून्याचं ते वाक्य गेलं. आता एकूण वापरण्याजोगं इंधन कळण्याची सोय मागितली जाते. जुन्या नियमांखाली प्रमाणित झालेली विमानं त्याच नियमांना बांधील आहेत, म्हणजे प्रत्येक टाकीला चालू गेज त्यांना अजूनही लागतंच. त्यांच्यात नवे, अचूक सेन्सर बसवता येतात. तो खर्च मालकाने करायचा.