खाडा पडला तर काय बिघडतं?

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भल्या पहाटे ठाण्यातल्या उपवन तलावाभोवती चालायला येणाऱ्यांची झुंबड असते. संक्रांत उलटली की नेहमीचेच चेहरे उरतात. लोक आळशी, असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. बरेच जण गळतात ते पहिला खाडा पडल्यावर.

याला थोडा हातभार लावलाय तो ‘21 दिवसांत सवय लागते’ या समजाने. 1960 मध्ये मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं, की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णाला किमान 21 दिवस लागतात. पुढे त्यातलं ‘किमान’ गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी सूर्यनमस्कारापासून गरम पाण्यापर्यंत सगळं आलं!

प्रत्यक्ष मोजमाप केलं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. 2010 च्या त्यांच्या शोधनिबंधात 96 जणांची 12 आठवड्यांची नोंद आहे. प्रत्येकाने एकच सवय निवडून ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या वेळेशी बांधली: दुपारच्या जेवणासोबत फळ, रात्री जेवायच्या आधी 15 मिनिटं धावणं. ती गोष्ट विचार न करता कितपत होते, हे ते रोज नोंदवत. ती अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस पुरेसे होते, तर कुणाला गणिताने काढलेल्या अंदाजानुसार 254 लागले असते. मधला आकडा 66. व्यायामाला पाणी पिण्यापेक्षा साधारण दीडपट वेळ लागला. आणि मधला एखादा दिवस चुकला तर? सवयीच्या आलेखाला जवळजवळ धक्काच लागला नाही.

कारण सवय म्हणजे प्रसंग आणि कृती यांची मेंदूत पडलेली गाठ. आपण दिवसांचा हिशेब ठेवतो. मेंदू तो ठेवत नाही. प्रत्येक वेळी गाठ थोडी आवळली जाते आणि एका नाग्याने ती सुटत नाही.

सुटतो तो आपला धीर. 1975 मध्ये हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी काही तरुणींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीम चाखायला दिलं. एरवी खाण्यावर ताबा ठेवणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी नव्हे, उलट जास्तच खाल्लं. ‘मोडलंच आहे, तर मोडू दे’ हा तो हिशेब. एका वडापावापेक्षा त्यानंतर वाऱ्यावर सोडलेला आठवडा महाग पडतो.

म्हणून जुलैत ठाण्यात पाऊस कोसळत असताना, येऊरचा चढ जमला नाही तर जिन्याच्या चार फेऱ्याही चालतील. पूर्वी सलग 10 मिनिटांचा व्यायाम झाला तरच तो धरा, असं सांगितलं जाई. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये ही अट काढून टाकली. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रम हे उद्दिष्ट आहेच, पण त्यात स्टेशनचा पूल भरभर चढणंही आता धरता येतं.

रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळीला मात्र ही सूट लावू नका. ती चुकली तर पुढे काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलेलं बरं.