बायोस बिघडलाय, मदरबोर्ड नाही

बायोस म्हणजे लॅपटॉप चालू करताना सर्वात आधी चालणारा प्रोग्राम. त्याचं अपडेट मध्येच अडकलं किंवा दुसऱ्याच मॉडेलची फाइल टाकली गेली, की पुढे काय होतं ते अनेकांनी पाहिलेलं असतं. पॉवरचा दिवा लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन मात्र काळीच. दुकानात नेल्यावर "मदरबोर्ड गेला" असं ऐकायला मिळतं आणि आकडा ऐकून माणूस थेट नवा लॅपटॉप शोधायला लागतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की इतकी घाई करू नका. अशा वेळी बहुधा मदरबोर्ड ठणठणीत असतो. बिघडलेला असतो तो एका चिपमधला मजकूर, आणि मजकूर पुन्हा लिहिता येतो.

ही चिप आठ पायांची, करंगळीच्या नखाहूनही लहान असते. तिच्यात साधारण ८, १६ किंवा ३२ मेगाबाइट मावतात. बटण दाबल्यावर प्रोसेसर पहिली आज्ञा एका ठरलेल्या पत्त्यावरून उचलतो. हा पत्ता मेमरीच्या पत्त्यांमधल्या ४ गिगाबाइटच्या हद्दीच्या फक्त १६ बाइट अलीकडचा असतो आणि तो थेट या चिपकडे नेतो. त्या क्षणी रॅमसुद्धा जागी नसते. तिला जागं करणं, कीबोर्ड आणि स्क्रीनशी ओळख करून घेणं, ही सगळी कामं या चिपमधला प्रोग्राम करतो. तोच खराब असेल तर "चूक झाली" एवढं स्क्रीनवर लिहायलाही कोणी नसतं.

अपडेट अर्धवट राहणं इतकं घातक का ठरतं, याचं उत्तर या चिपमधल्या फ्लॅश मेमरीच्या स्वभावात आहे. या मेमरीत लिहिताना १ चा ० करता येतो, पण ० चा १ करायचा तर अख्खा तुकडा पुसावा लागतो, आणि पुसता येणारा सर्वात लहान तुकडा बहुधा ४ किलोबाइटचा असतो. म्हणजे अपडेट आधी जुनं पुसतं, मग नवं लिहितं. या दोन्हींच्या मध्ये वीज गेली, तर तिथे जुनंही नाही आणि नवंही नाही. चार्जर लावलेला नसेल तर अपडेट सुरूच होत नाही, ते यासाठीच.

आता दुरुस्तीकडे वळू. सर्वात आधी थांबा. अपडेटनंतर पहिल्यांदा चालू होताना लॅपटॉप रॅमची तपासणी आणि जुळणी नव्याने करतो. डीडीआर ५ ही नवी रॅम असलेल्या मशीनवर या कामात काही मिनिटं जाऊ शकतात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. घाबरून इथेच पॉवर बटण दाबून धरू नका. बराच वेळ थांबूनही काही हललं नाही, तर चार्जर काढा, निघत असेल तर बॅटरीही काढा आणि पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग चार्जर लावून पुन्हा प्रयत्न करा.

निळ्या स्क्रीनवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन, ४८ अंकी की मागत असेल, तर काहीही बिघडलेलं नाही. लॅपटॉपमधली टीपीएम नावाची सुरक्षा-यंत्रणा दर वेळी फर्मवेअरचं, म्हणजे चिपमधल्या या प्रोग्रामचं, मोजमाप घेते. अपडेटमुळे ते मोजमाप बदलतं आणि डिस्कचं कुलूप आपोआप उघडत नाही. ही की बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. विंडोज पुन्हा टाकण्याच्या नादात डेटा घालवू नका.

खरोखर काळी स्क्रीन असेल, तर कंपनीने ठेवलेली वाट वापरून पाहा. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर कंट्रोल आणि एस्केप दाबून धरून चार्जर लावला की रिकव्हरी सुरू होते. एचपीच्या अनेक मॉडेलांवर विंडोज आणि बी दाबून धरून पॉवर बटण दाबतात. काही ठिकाणी योग्य फाइल ठेवलेला पेन ड्राइव्ह लागतो. एवढं जमतं, कारण चिपमधला सुरुवातीचा छोटा भाग अपडेटपासून सहसा वेगळा राखलेला असतो.

कधीकधी चिपमधला मजकूर शाबूत असतो आणि फक्त लिहिण्याला कुलूप लागलेलं असतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या उबुंटू १७.१० या लिनक्सच्या आवृत्तीने लेनोव्होसह काही कंपन्यांच्या लॅपटॉपवर नेमकं हेच केलं. बायोसची सेटिंग सेव्ह होईनात, काहींना पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करता येईना. इंटेलच्या मशीनवर बायोसच्या चिपशी बोलणाऱ्या ड्रायव्हरमध्ये (उबुंटूतल्या छोट्या प्रोग्राममध्ये) बाइटची संख्या सांगताना एकने कमी आकडा द्यायचा असतो, तिथे पूर्ण आकडा जात होता. डिसेंबरमध्ये ती आवृत्ती डाउनलोडवरून काढली गेली. पुढे दुरुस्त केलेलं कर्नल, म्हणजे उबुंटूचा गाभा, टाकून मशीन चालू केल्यावर अनेकांचं कुलूप सुटलं. ज्यांनी धीर धरला, त्यांचा बोर्ड बदलण्याचा खर्च वाचला.

यातलं काहीच चाललं नाही, तर चिपलेव्हल, म्हणजे बोर्डावरच्या सुट्या चिपवर, काम करणारा माणूस गाठा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे कारागीर आहेत. ते चिपवर चिमटा लावतात किंवा ती सोडवून काढतात आणि प्रोग्रामर नावाच्या उपकरणाने थेट तिच्यात लिहितात. यात व्होल्टेज महत्त्वाचं. काही चिप ३.३ व्होल्टच्या, तर काही १.८ व्होल्टच्या असतात. १.८ च्या चिपला ३.३ दिले तर ती जळू शकते.

त्याहून महत्त्वाचं आहे, लिहिण्याआधी जुना मजकूर वाचून ठेवणं. तो दोनदा वाचायचा आणि दोन्ही फाइल तंतोतंत जुळतात का ते पाहायचं. न जुळल्यास चिमटा नीट बसलेला नाही. तुमच्या मशीनचा सिरियल नंबर आणि बऱ्याचदा विंडोजची की याच चिपमध्ये असते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या लॅपटॉपचा डम्प, म्हणजे चिपमधून वाचून काढलेली फाइल, जसाच्या तसा चढवला, तर लॅपटॉप चालू होईल, पण नंबर दुसऱ्याचा दाखवेल आणि विंडोज ॲक्टिव्हेशन मागत राहील. जाणता कारागीर खराब झालेला प्रोग्राम तेवढा बदलतो आणि तुमचा भाग जुन्या डम्पमधून घेतो. म्हणून लॅपटॉप दुकानात देतानाच सांगा, "आधी माझा डम्प काढा, आणि त्याची एक कॉपी मला पेन ड्राइव्हवर द्या."