पाटा मऊ पडत नाही

केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम बदलले आणि पन्नाशी उलटलेल्या खासगी गाड्यांना ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पुढे २०२३ च्या जानेवारीत बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं. वडिलांची झाकून ठेवलेली गाडी बाहेर काढावी असं माझ्या ओळखीतल्या काहींना तेव्हापासून वाटू लागलंय. पहिला खर्च अर्थातच रंगावर आणि क्रोमवर. मग लक्षात येतं की गाडी मागून बसलीय. आणि लगेच निदान तयार असतं: “पाटे मऊ पडले. पाणी द्यायला लागेल.” पाटे म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या कमानीतल्या, एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्या. पाणी देणं म्हणजे त्या लाल तापवून विझवणं.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका स्नेह्यांची १९६० च्या सुमाराची अँबेसेडर आहे. तिला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई, आणि मागे कमानीचे पाटे. त्यांचंही हेच म्हणणं. मिस्त्रीने मात्र नुसतं खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, “साहेब, कमान बेसी गई.” निदान त्याचं बरोबर होतं.

रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये छापलेला नियम शाळेत आपण सगळेच शिकलो: जेवढा जोर, तेवढा ताण. एक मिलिमीटरला किती किलो, हा हिशेब म्हणजे कमानीचा कडकपणा. तो लांबी, रुंदी, जाडी आणि पोलादाचा यंगचा गुणांक, म्हणजे ते ताणायला मुळात किती अवघड आहे याचं माप, यांवर ठरतो. हा गुणांक साधारण २०० गिगापास्कल असतो, आणि खिडकीच्या गजाचं लोखंड घ्या की कमानीचं सिलिकॉन-मँगनीज पोलाद, त्यात फारसा फरक पडत नाही. कारण तो अणूंमधल्या बंधांतून येतो. पोलाद लाल करून तेलात बुडवलं, मग ठिसूळपणा घालवायला पुन्हा बेताने तापवलं, म्हणजे टेंपर केलं, तरी बदलते ती फक्त आतली कणरचना. बंध तेच राहतात.

मग पाणी देऊन मिळतं काय? सहनशीलतेची मर्यादा. साधं लोखंड २५० मेगापास्कलच्या आसपास हार मानतं आणि वाकलेलंच राहतं. टेंपर केलेलं कमानीचं पोलाद हजाराच्या पुढेही परत मूळ जागी येतं. म्हणजे साध्या पट्टीचा पाटा बनवला तर पहिल्या क्षणी तो तितकाच कडक असेल, पण पहिल्या मोठ्या खड्ड्यानंतर सरळ होऊन पडेल.

आपल्या गाडीचं काय झालंय ते घरच्या घरी तपासता येतं. मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर मोजा. डिकीत सिमेंटच्या ५० किलोच्या दोन गोणी ठेवा आणि पुन्हा मोजा. दोन्ही बाजूंना फरक सारखा आणि माफक आला, तर कडकपणा शाबूत आहे. हरवलाय तो बाक. वर्षानुवर्षं भार सोसून, कधी जास्त माणसं कोंबून, पोलाद कणाकणाने कायमचं सरकलंय. बसल्यामुळे चाकाला वर यायला जागा कमी उरते, आस रबरी ठोकळ्यावर आपटतो, आणि आतले लोक म्हणतात गाडी दणके देते!

कडकपणा खरोखर जातो तो गंजाने. कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. सहा मिलिमीटरच्या पाट्याचा अर्धा मिलिमीटर गंजाने खाल्ला, तर साडेपाच भागिले सहा, त्याचा घन म्हणजे ०.७७. तेवीस टक्के गेले. त्याच भाराखाली ताणही सुमारे एकोणीस टक्क्यांनी वाढला. असा पाटा बदलायचा, त्यावर कारागिरी करायची नाही. गंजाचा उलटा परिणामही होतो. सात पाटे एकमेकांवरून घसरतात म्हणून कमान लवचीक असते. तेच सात जण एकसंध झाले तर कडकपणा ४९ पट होईल. इतकं काही गंज करत नाही, पण त्या दिशेने नेतो. सुटे करताना पाट्यांची टोकं निरखून पाहा: खालच्या पाट्याच्या टोकाने वरच्यात बोटाच्या नखाला अडकेल अशी चंद्रकोरीसारखी खाच पाडलेली असते. तिची धार गोल घासून ग्रॅफाइट ग्रीस लावायचं. जळकं ऑइल ओतू नये, टोकांच्या रबरी बुशा त्याने फुगून खराब होतात.

आता माझ्या आवडीचा भाग, आणि इथे थोडं डोकं लावावं लागेल.

बाक परत कसा द्यायचा? सोपा मार्ग म्हणजे पाटा थंडच प्रेसमध्ये वाकवायचा. महिनाभर गाडी छान उभी राहते, मग पुन्हा बसते. असं का? गाडीखाली कमान खोलगट बाजू वर करून असते. भार आला की ती सरळ होऊ बघते, म्हणजे खोलगट बाजू ताणली जाते. पोलादाला तडा जातो तो अशा ताणलेल्या बाजूकडून. प्रेसमध्ये बाक वाढवताना हीच बाजू आपण मर्यादेपलीकडे दाबून आखूड केली. मधला थर मात्र मर्यादेत राहिला. प्रेस सुटताच तो पाट्याला सरळ करू पाहतो आणि आखूड झालेल्या कातडीला ओढतो. परिणाम असा की गाडीखाली जाण्याआधीच, भार शून्य असताना, खोलगट बाजूवर ताण बसलेला असतो. त्यावर गाडीचा भार त्याच दिशेने येतो. दोन ताणांची बेरीज!

चांगला कारखाना उलट करतो. पाटा तापवून हव्यापेक्षा जास्त बाक देतो, तेलात विझवतो, टेंपर करतो, आणि शेवटी मुद्दाम सपाट होण्यापलीकडे दाबतो. या वेळी खोलगट बाजू मर्यादेपलीकडे ताणून लांब होते. सुटल्यावर मधला थर तिला दाबून धरतो. जास्तीचा बाक थोडा उतरतो, पण पृष्ठभागावर दाब साठून राहतो आणि रस्त्यावरच्या ताणाला आधी तो फेडावा लागतो. जणू खात्यात आगाऊ जमा. पृष्ठभागावर छर्रे मारून हाच परिणाम आणखी वाढवतात. आकार तोच, पोलाद तेच, आत कोंडलेला ताण मात्र उलट्या चिन्हाचा, आणि कमान पुढची वीस वर्षं टिकणार की दोन महिने हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

म्हणूनच गॅसच्या ज्योतीने मधेच लाल करून पाटा वाकवणाऱ्यापासून लांब राहा. त्या जागेचा टेंपर गेला. वेल्डिंग तर नकोच. एक जास्तीचा पाटा घालून गाडी उचलणं हाही उपाय नव्हे. उंची मिळते, पण कडकपणा वाढून जुन्या गाडीची चालच बिघडते.

“तेव्हाचं अस्सल इंग्लिश पोलाद आता मिळत नाही” हेही ऐकायला मिळतं. मिळत नाही हे बरंच आहे. त्या पोलादात मळीचे बारीक कण जास्त राहत आणि तडे तिथूनच सुरू होत. आजचं पोलाद त्याहून स्वच्छ असतं. बंपरखाली काळा जोडा किंवा लिंबू-मिरची टांगायची हौस असेल तर टांगा, पण कमान आसाला बांधून ठेवणारा यू-बोल्ट ढिला असेल तर तो त्याने घट्ट होत नाही. आणि यू-बोल्ट ढिला असला की पाटा हमखास सेंटर बोल्टच्या, म्हणजे सगळे पाटे मधोमध ओवणाऱ्या बोल्टच्या, भोकाशी तुटतो, कारण भार सगळ्यात जास्त तिथेच आणि पोलाद तिथेच कोरलेलं.

कमान परत चढवताना शॅकलचे, म्हणजे कमानीचं टोक गाडीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याचे, नट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबरी बुश त्या स्थितीत पकडली जाते, आणि गाडी खाली उतरली की कायमची पिळलेली राहून लवकर फाटते. गाडी चाकांवर उभी करायची, मागचा बंपर दोन-चारदा दाबून सोडायचा आणि मगच पाना फिरवायचा. यू-बोल्ट काहीशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा.