शैक्षणिक व्हिडिओ गेम संच (लहान मुलांसाठी)

शैक्षणिक व्हिडिओ गेम संच : साधारण तीन ते आठ वर्षांच्या मुलांना अक्षरे, अंक, रंग, आकार खेळातून शिकवण्यासाठी बनवलेली उपकरणे. काही टीव्हीला जोडावी लागतात, काही हातात धरून खेळता येतात. मोबाइलवरच्या शैक्षणिक खेळांहून यांचे वेगळेपण असे, की यंत्रच मुळात लहान मुलासाठी घडवलेले असते. बटणे जाड, प्लास्टिक दणकट आणि पडद्यावर वाचायला जवळजवळ काही नाही, कारण खेळणाऱ्याला अजून वाचताच येत नाही. खेळते मूल, पण खिशात हात घालतात आईवडील. त्यामुळे संच दोघांनाही पटावा लागतो, आणि या यंत्रांच्या रचनेतल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा तिथेच होतो.

या प्रकाराचा पूर्वज म्हणून टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या १९७८ मधील 'स्पीक अँड स्पेल'कडे बोट दाखवले जाते. त्याला टीव्ही लागत नसे. एका चिपमधून माणसासारखा आवाज काढून ते मुलांना स्पेलिंग विचारी. पुढे अटारी २६०० या टीव्हीला जोडायच्या गेम संचावर 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातील पात्रांचे खेळ आले, सोबत मोठ्या बटणांचा खास कंट्रोलर. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात आपल्या लोकप्रिय माकडाला बेरीज-वजाबाकीला जुंपून पाहिले, पण त्या खेळाला गिऱ्हाईक फारसे मिळाले नाही. १९८८ मध्ये हाँगकाँगच्या व्हीटेकने 'सॉक्रेटिस' हा टीव्हीला जोडायचा संच काढला. त्यात यंत्रमानव मास्तर होता आणि कीबोर्ड बिनतारी.

सेगा पिको : कल्पकतेत या सगळ्यांच्या वरचा संच. सेगाने तो जून १९९३ मध्ये जपानात आणि १९९४ च्या अखेरीस अमेरिकेत आणला. मिटलेला असताना तो लॅपटॉपसारखा दिसे. उघडला की वरच्या भागात चित्रांचे पुस्तक आणि खाली रेघोट्या ओढायची पाटी. हे पुस्तक म्हणजेच खेळाचे कार्ट्रिज, म्हणजे संचात खोचायची कॅसेट. ते 'स्टोरीवेअर' या नावाने विकले जाई. मूल जाड पुठ्ठ्याचे पान उलटे, पान उलटल्याचे प्रकाश-संवेदकांना कळे आणि टीव्हीवरचे दृश्य त्या पानाप्रमाणे बदले. वायरने जोडलेल्या 'जादूच्या पेन'ने पानावरच्या बेडकाला टोचले, की पडद्यावरचा बेडूक उडी मारणार. चार दिशांची बटणे आणि एक मोठे बटण, एवढेच बाकीचे नियंत्रण.

आतली यंत्रणा सेगाच्याच मेगा ड्राइव्ह या थोरांच्या गेम संचावर बेतलेली होती. मोटोरोला ६८००० हा प्रोसेसर तोच. मात्र संगीतासाठीची एफएम चिप काढून तिथे ध्वनिमुद्रित आवाज वाजवणारी चिप बसवली होती. हा बदल नुसता काटकसरीचा नव्हे. वाचता न येणाऱ्या मुलाशी यंत्राला बोलावेच लागते, मग पार्श्वसंगीताची श्रीमंती थोडी कमी झाली तरी चालते. जपानात पिको उत्तम खपला. सेगाच्या आकडेवारीनुसार तिथे सुमारे ३४ लाख संच आणि १ कोटी १२ लाख कार्ट्रिजे विकली गेली. अमेरिकेत मात्र १९९८ पर्यंत गाशा गुंडाळावा लागला. जपानात २००५ मध्ये त्याची जागा 'बीना'ने घेतली. खेळण्याच्या वेळेवर पालकांना मर्यादा घालता येईल, अशी सोय बीनात होती. पुस्तकाचा वेष चढवूनही आईवडिलांची धाकधूक पुरती गेली नव्हती, असाच त्याचा अर्थ.

अमेरिकेतील पुढची लढत लीपफ्रॉग आणि व्हीटेक यांच्यात झाली. लीपफ्रॉगचा 'लीपस्टर' २००३ मध्ये आला. हातात धरायच्या या संचाला स्पर्शाने चालणारा पडदा आणि पेन होते, तेही निन्टेन्डोच्या डीएस या हातातल्या गेम संचाच्या वर्षभर आधी. व्हीटेकचा 'व्ही.स्माइल' २००४ चा. त्याच्या खेळांत एक साहसाचा भाग असे आणि एक निव्वळ सरावाचा. साहसाच्या भागात नायक धावत, उड्या मारत अक्षरे गोळा करतो. पण मुले हुशार, अक्षराकडे ढुंकूनही न पाहता पुढे पळता येते का, हे ती आधी शोधून काढतात. या सगळ्याच वर्गाची ही जुनी दुखरी नस आहे : खेळ आणि धडा एकमेकांत मुरले नाहीत, तर धडा कडू गोळीसारखा बाजूला काढून ठेवता येतो. पिकोच्या चांगल्या पुस्तकांत हे कमी जाणवते, कारण तिथे पान उलटणे हाच खेळ होता.

पालकांच्या महत्त्वाकांक्षेवर चाललेला याहून मोठा धंदा चीनमध्ये झाला. फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या गेम संचाची नक्कल कीबोर्डच्या कवचात घालून सुबोर कंपनीने ती 'अभ्यासयंत्र' म्हणून विकली. जाहिरातीत जॅकी चॅन होता. कंपनी नावारूपाला आणणारे दुआन योंगपिंग १९९५ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी बीबीके सुरू केली. ओप्पो आणि व्हिवो, ज्यांच्या पाट्या आज महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावीही दिसतात, ते त्याच घराण्यातले. तशाच कीबोर्डवाल्या नकला भारतातही आल्या. टायपिंग शिकेल, 'बेसिक' ही संगणकाची भाषा थोडी शिकेल म्हणून घरात आलेल्या त्या 'कॉम्प्युटर'मध्ये बहुतेक वेळ मारिओची नाहीतर काँट्राची कॅसेट असे.

२०१० नंतर टॅब्लेटने या संचांची सद्दी संपवली. लीपफ्रॉगने स्वतःचा टॅब्लेट काढून पाहिला, पण अखेर २०१६ मध्ये व्हीटेकनेच ती कंपनी विकत घेतली. खेळणी इंटरनेटला जोडली गेल्यावर नवा धोकाही आला. नोव्हेंबर २०१५ मध्ये व्हीटेकच्या सर्व्हरमधून जगभरातील सुमारे ६४ लाख मुलांची माहिती चोरीला गेली. मुलांच्या माहितीसंबंधीचे नियम मोडल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी कंपनीने २०१८ मध्ये साडेसहा लाख डॉलर भरून तडजोड केली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास दर्जेदार कार्यक्रम, तेही मोठ्यांनी सोबत बसून, अशी शिफारस केली होती. सोबत बसण्याची ही अट संचांच्या जाहिरातींना मात्र सहसा अडचणीचीच, कारण मूल एकटे रमेल हाच त्यांचा निम्मा वायदा.

जुन्या खेळांचे जतन करणाऱ्यांपुढे पिकोने वेगळाच पेच टाकला आहे. इतर संचांच्या कार्ट्रिजमधील प्रोग्रॅम उतरवून घेतला की तो संगणकावर खेळता येतो. पिकोचा प्रोग्रॅम चालतो, पण पुठ्ठ्याच्या पानांशिवाय पेन कुठे टेकवायचे ते कळत नाही. म्हणून प्रत्येक पुस्तकाची पानेही स्कॅन करून ठेवावी लागतात.