क्षणभर टोचून जाणाऱ्या डोकेदुखीची पार्श्वभूमी

डोक्यात एखाद्या जागी सुई खुपसल्यासारखी कळ येते आणि काय झाले हे लक्षात येईपर्यंत ती निघूनही जाते. कधी एकच, कधी लागोपाठ तीन-चार, आणि पुढच्या खेपेला जागा निराळी. वैद्यकशास्त्रात आज या दुखण्याला ‘प्रायमरी स्टॅबिंग हेडेक’ म्हणतात. येथे ‘प्रायमरी’चा अर्थ एवढाच, की त्यामागे दुसरा कोणताही आजार सापडत नाही. बहुतेक कळा तीन सेकंदांच्या आतच ओसरतात, त्यामुळे डॉक्टरांना दुखणे प्रत्यक्ष पाहायला मिळणे जवळजवळ अशक्य असते. रक्ततपासणीत किंवा एमआरआयमध्येही त्याची खूण उमटत नाही. परिणामी या दुखण्याविषयीची माहिती जवळपास पूर्णपणे रुग्णांच्या सांगण्यावर उभी राहिली आहे, आणि त्याचा इतिहास म्हणजे मुख्यतः रुग्णांना कोणी, कसे आणि किती चिकाटीने विचारले याचा इतिहास आहे.

आधुनिक वैद्यकीय लेखनात या दुखण्याचे स्वतंत्र वर्णन प्रथम 1964 साली लान्शे यांनी केले. त्यांनी त्याला ‘ऑफ्थॅल्मोडायनिया पिरिऑडिका’, म्हणजे अधूनमधून येणारी नेत्रवेदना, असे नाव दिले. कळ डोळ्यात आणि डोळ्याच्या आसपास येते, हे त्यांचे निरीक्षण अनेक रुग्णांच्या बाबतीत खरेच होते. तरीही या पहिल्या वर्णनाने पुढच्या संशोधनाची नजर डोळा, कपाळ आणि कानशील एवढ्या भागावर खिळवून ठेवली, असे मागे वळून पाहताना म्हणावे लागते.

यानंतरच्या टप्प्यात नॉर्वेचे मेंदूविकारतज्ज्ञ ओटार स्योस्टाड यांचे नाव वारंवार येते. 1974 साली त्यांनी आणि डाले यांनी एकाच बाजूला, दिवसातून अनेकदा उसळणाऱ्या एका वेगळ्या डोकेदुखीचे वर्णन केले. आज ती ‘पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनिया’ म्हणून ओळखली जाते. सांधेदुखीसाठी वापरात असलेल्या इंडोमेथासिन या औषधाने ती पूर्णपणे थांबते, हे त्यांना दिसून आले. अशा रुग्णांना मुख्य दुखण्याखेरीज क्षणभराच्या कळाही येतात, याची नोंद 1979 साली झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत रास्किन आणि श्वार्ट्झ यांनी अर्धशिशीच्या 100 रुग्णांची डोकेदुखी नसलेल्या 100 जणांशी तुलना केली, तेव्हा बर्फ फोडण्याचा टोचा खुपसल्यासारखी कळ पहिल्या गटात 42 टक्के, तर दुसऱ्या गटात 3 टक्के लोकांना येत असल्याचे आढळले. अर्धशिशी असणाऱ्यांना अशा कळा अधिक येतात, हे तेव्हापासून सर्वमान्य आहे. बऱ्याचदा, अर्धशिशी ज्या बाजूला उठते त्याच बाजूला या कळाही येतात.

इंटरनॅशनल हेडेक सोसायटीने 1988 साली डोकेदुखीचे पहिले आंतरराष्ट्रीय वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात या दुखण्याला ‘इडिओपॅथिक (म्हणजे कारण न सापडणारी) स्टॅबिंग हेडेक’ या नावाने स्थान मिळाले. ‘प्रायमरी’ हा शब्द 2004 च्या दुसऱ्या आवृत्तीत आला. मात्र दोन्ही आवृत्त्यांत कळ चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या पहिल्या शाखेच्या क्षेत्रात, म्हणजे डोळा, कपाळ व कानशिलाच्या परिसरात, केवळ किंवा मुख्यतः असावी, अशी अट होती. मुख्यतः डोक्याच्या मागच्या बाजूला कळ येणारे रुग्ण दवाखान्यात येतच होते, पण व्याख्येत बसत नव्हते. 2013 मध्ये तिसऱ्या आवृत्तीचा मसुदा आला तेव्हा ही अट निघाली आणि 2018 च्या अंतिम आवृत्तीत तो बदल कायम झाला. सुमारे 70 टक्के रुग्णांत कळा या क्षेत्राच्या बाहेरही येतात, असा दाखला त्यासाठी दिला गेला. दुरुस्ती योग्यच होती. तिला इतकी वर्षे लागायला नको होती.

हे दुखणे किती लोकांना असते, या प्रश्नाचे उत्तर सर्वाधिक बुचकळ्यात टाकणारे आहे. डेन्मार्कमधील 740 जणांच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष 1992 साली प्रसिद्ध झाले, आयुष्यात कधीतरी अशी डोकेदुखी झालेल्यांचे प्रमाण 2 टक्के निघाले. त्यानंतर स्योस्टाड नॉर्वेतील वोगो या डोंगराळ परगण्यात गेले आणि 18 ते 65 वयोगटातील 1,838 रहिवाशांच्या मुलाखती त्यांनी समोरासमोर बसून घेतल्या. तेथे हे प्रमाण सुमारे 35 टक्के आले. शेजारच्या दोन देशांतील माणसांच्या डोक्यांत इतका फरक असणे संभवत नाही. फरक व्याख्येचा आणि विचारण्याचा असावा, असेच मला वाटते. वोगोमधील बहुतेकांच्या कळा क्वचित येणाऱ्या होत्या आणि दोन-तीन सेकंदांच्या अशा कळेसाठी कोणी आपणहून डॉक्टरकडे जात नाही. थेट प्रश्न आला की मात्र ती आठवते.

उपचाराचा विचार या पार्श्वभूमीवरच करावा लागतो. कळा विरळ असतील तर औषध लागत नाही, कारण गोळी पोटात विरघळण्याआधीच दुखणे संपलेले असते. दुखणे निरुपद्रवी आहे एवढा दिलासा बहुतेकांना पुरतो. त्याआधी इतर शक्यता मात्र तपासाव्यात. चावताना, दात घासताना किंवा गालाला स्पर्श होताच कळ उठत असेल तर ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचा, म्हणजे त्याच मज्जातंतूच्या दुखण्याचा, आणि कळेसोबत डोळा लाल होऊन पाणी येत असेल तर वेगळ्याच गटातील डोकेदुखीचा विचार होतो. कळ नेहमी एकाच ठिकाणी येत असेल तर त्या जागी काही दोष नाही ना, हे स्कॅन करून पाहणे आवश्यक ठरते. पन्नाशीनंतर प्रथमच डोकेदुखी सुरू झाली आणि कानशील हुळहुळे झाले किंवा चावताना जबडा दुखू लागला, तर रक्तवाहिनीच्या दाहामुळे दृष्टी जाण्याचा धोका असतो. क्षणार्धात टिपेला पोहोचून न थांबणारी डोकेदुखी मेंदूतील रक्तस्रावाची असू शकते, म्हणून अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे.

कळा दिवसातून अनेकदा येऊन हैराण करू लागल्या, तर आजही पहिले औषध इंडोमेथासिनच आहे. ते दिवसाला साधारण 75 ते 150 मिलिग्रॅम, विभागून आणि जेवणानंतर दिले जाते. जठराला व्रण होणे, मूत्रपिंडावर ताण येणे आणि रक्तदाब वाढणे हे त्याचे धोके असल्याने ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनियात त्याचा गुण हमखास येतो, येथे तसे नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना अपुरा गुण येतो किंवा येतच नाही. त्यांच्यासाठी मेलाटोनिन, गॅबापेंटिन आणि सेलेकॉक्सिब यांचा वापर 2002 ते 2004 या काळात नोंदवला गेला, पण त्या नोंदी मोजक्या रुग्णांच्या आहेत. कळांचा बहर काही आठवड्यांत आपोआप ओसरू शकतो, त्यामुळे गुण औषधाचा की काळाचा हे एकेका रुग्णावरून ठरवणे कठीण जाते. म्हणूनच औषध सुरू असताना मधूनमधून ते कमी करून पाहण्याची पद्धत आहे.